न दिसणाऱ्या वाफेची झडप

मोटारीचा धूर सर्वांच्या डोळ्यांत खुपतो. तिच्या पेट्रोलची वाफ मात्र कुणालाच दिसत नाही. मोटार दाराशी स्वस्थ उभी असली, तरी उन्हाने टाकी तापते आणि पेट्रोल वाफ होऊन निसटू पाहते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना भिडतो अशा रायपुरात तर ही गळती अधिकच.

या वाफेचा अपराध प्रथम उघड झाला तो लॉस एंजेलिस शहरात. तेथील डोळे चुरचुरविणाऱ्या धुरक्याचा शोध घेताना रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिले की, पेट्रोलमधील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो. पुढे कॅलिफोर्नियाने १९७० सालच्या मोटारींपासून वाफ कोंडून ठेवण्याची सक्ती केली. त्यासाठी कोळशाची डबी आली. कोळसा वाफ शोषून धरतो. इंजिन चालू झाले, की विजेवर चालणारी एक लहानशी झडप उघडते आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते.

आपल्या देशात मात्र ऊन सर्वत्र सारखे असले, तरी नियम सारखे नव्हते. भारत स्टेजचा चौथा टप्पा २०१० साली तेरा शहरांना लागू झाला. त्यांत पुणे व सोलापूर होते, रायपूर नव्हते. तो साऱ्या देशाला लागू व्हावयास २०१७ चा एप्रिल उजाडला. सहावा टप्पा २०२० च्या एप्रिलपासून सर्वत्र एकदम आला. नव्या नमुन्याची मोटार बंद दालनात ठेवून तिची वाफ मोजतात. ती एका चाचणीत दोन ग्रॅमहून अधिक असता कामा नये.

पण मोटार जुनी झाल्यावर काय? प्रदूषणाचा दाखला देताना तपासतात तो धुराड्यातून येणारा वायू. टाकीची वाफ नव्हे. म्हणून झडपेची परीक्षा मेकॅनिकच्याच हाती उरते. ती सोपी आहे. झडप काढून, वीज न देता, हातपंपाने हवा ओढावी. हवा मुळीच येता कामा नये. मग बारा व्होल्टची वीज द्यावी; 'टक्' असा आवाज होऊन वाट मोकळी झाली पाहिजे. झडप उघडीच अडकली, तर इंजिन अडखळते आणि मालक तक्रार घेऊन येतो. बंदच अडकली, तर डबी तुडुंब भरून वाफ बाहेर पडू लागते, आणि ही तक्रार पुष्कळदा कुणीच करीत नाही. यासाठीच, श्रोतेहो, उन्हाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीत या झडपेची आठवण मेकॅनिकला आपणच करून द्यावी.