लांडगा गेला आणि कुत्रा वळायला शिकला

मागच्या वेळी आपण प्लेटोपाशी थांबलो होतो. 'रिपब्लिक'मध्ये तो म्हणतो, नगराचे रक्षक चांगल्या कुत्र्यासारखे असावेत: ओळखीच्याशी सौम्य, परक्याशी कठोर. पण लक्षात घ्या, हा कुत्रा राखणदार आहे. मेंढरं वळणारा कुत्रा ही निराळीच गोष्ट.

हा फरक कुठून आला? आपल्या धनगरांचा कुत्रा बघा. माळावर लांडगा आहे, म्हणून रात्री वाघरीभोवती जागणारा कुत्रा लागतो. कळप वळवायचा तो धनगरानेच, हाळी देऊन, काठी घेऊन. आता इंग्लंडात या. १५७० साली जॉन कायस या वैद्याने तिथल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की इथे लांडगे नाहीत, म्हणून मेंढपाळाचा कुत्रा फार थोराड किंवा उग्र असावा लागत नाही. तो धन्याच्या आवाजावर, शिट्टीवर भरकटलेली मेंढरं जागेवर आणतो. म्हणजे काय, शत्रू गेला आणि कुत्र्याचं काम बदललं.

पुढे १८७३ मध्ये वेल्समधल्या बाला गावी अशा कुत्र्यांची जाहीर स्पर्धा झाली. जिंकला जेम्स थॉमसन नावाचा स्कॉटिश माणूस, 'ट्वीड' या कुत्र्यासह. मग १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे 'हेम्प' जन्मला. हा भुंकत नसे, चावत नसे. नुसता खाली झुकून, नजर रोखून मेंढरं हलवायचा. आजचे बॉर्डर कॉली बहुतेक याच्याच वंशातले.

आता ही नजर आली कुठून, तर लांडग्याकडूनच! रोखून बघणं, दबकत जाणं, वळसा घालणं, हा सगळा शिकारीचा क्रम. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून सुरुवातीच्या पायऱ्या ठेवल्या, शेवटचा घास तेवढा काढून घेतला. म्हणून शिक्षकाला वळवणं शिकवावं लागत नाही. पिल्लू कळपाच्या पलीकडे जाऊन मेंढरं आपसूक माणसाकडे आणतं. शिकवायचं ते थांबणं. खाली बस, मग डावीकडून जा, मग उजवीकडून. सगळ्यात अवघड धडा म्हणजे मेंढरं माणसापासून दूर हाकणं, कारण ते त्याच्या स्वभावाच्या उलट आहे.

इथे खरा प्रश्न येतो. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मेंढपाळाला कळप दिसतच नाही, कुत्र्याला दिसतो. शब्दन्‌शब्द पाळणारा कुत्रा तिथे निरुपयोगी, आणि अजिबात न ऐकणारा तर धोक्याचा. चांगला मेंढपाळ कुत्र्याला इतकं दाबत नाही की त्याची स्वतःची समजच मरून जाईल. आज्ञापालन आणि विवेक एकाच जिवात कसे नांदवायचे, हा नीतिशास्त्राचा जुना पेच त्या डोंगरावर रोज सुटतो किंवा फसतो.

मी वर्गात अनेक वर्षं काढली. प्रामाणिकपणे सांगतो, मुलांना 'खाली बस' मी छान शिकवलं. मी दिसेनासा झाल्यावर त्यांनी काय करावं, हे शिकवायला मात्र फार उशिरा लागलो. आणि शिक्षकाची परीक्षा तर तिथेच असते ना, डोंगरापलीकडे?

असो. वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.