मकर राशीचा स्वभाव आणि सोलापूरची संक्रांत

मकर राशीची माणसं कशी असतात? कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. कष्टाळू, शिस्तीची, पैसा जपून वापरणारी, मनातलं पटकन न बोलणारी, हळूहळू पण नक्की वर चढणारी. हे वर्णन ऐकलं की आमच्या ऑफिसातला अर्धा फ्लोअर मकर राशीचाच असावा असं वाटतं. उरलेला अर्धा निदान अप्रेझलच्या महिन्यात तरी मकर राशीचा होतो. :)

पण गंमत पुढेच आहे. भारतीय ज्योतिषातला सगळ्यात मान्य ग्रंथ म्हणजे वराहमिहिराचा 'बृहज्जातक', सहाव्या शतकातला. त्यात चंद्र कुठल्या राशीत असला की माणूस कसा होतो याची यादी आहे. मकरेचं वर्णन काय? बायकामुलांचे लाड करणारा, धर्माचा देखावा करणारा, डोळ्यांनी देखणा, कमरेला बारीक, भाग्यवान, भटक्या, कविता करणारा, लोभी, लाज सोडलेला. आणि दोन शब्द तर असे की मी ते दोनदा वाचले : आळशी, आणि थंडी सहन न होणारा.

म्हणजे एकाच राशीचा माणूस सहाव्या शतकात आळशी आणि विसाव्या शतकात वर्कोहोलिक. आता आकाशातले तारे तर तेच आहेत. मग बदललं काय?

थोडं मागे जाऊ. आपल्या जुन्या वाङ्मयात १२ राशी नाहीत. 'वेदाङ्ग ज्योतिष' चालतं ते २७ नक्षत्रांवर. त्यात उत्तरायण सुरू होतं ते धनिष्ठा नक्षत्रापाशी, मकरेचं नावसुद्धा नाही. बारा समान भागांचं राशिचक्र तयार झालं बाबिलोनमध्ये, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास. तिथे या जागी एक विचित्र प्राणी होता : पुढून बोकड, मागून मासा. हा एआ नावाच्या, पाण्याच्या आणि शहाणपणाच्या देवाचा प्राणी. ग्रीकांनी तो उचलला आणि त्याला बोकडाच्या शिंगांवरून नाव दिलं, 'आयगोकेरोस'.

मग हा प्राणी आपल्याकडे आला. कसा आला याचा पुरावा खुद्द वराहमिहिरच देतो. तो राशींची दुसरी नावंही सांगतो : क्रिय, ताबुरि, जितुम वगैरे. ती सरळसरळ ग्रीक नावांचे अपभ्रंश आहेत. मकरेचं नाव त्यात 'आकोकेर' असं येतं. होरा, केंद्र हे शब्दही तिकडचेच. वराहमिहिराला याची लाज वाटत नव्हती, यवनांना हे शास्त्र चांगलं अवगत आहे असं तो मोकळेपणाने मान्य करतो. फक्त बोकड-मासा आपल्याकडे येताना बदलला. मासा झाला मकर, म्हणजे गंगेचं वाहन, देवळांच्या तोरणांवर दिसतो तो मगरीसारखा प्राणी. आणि बोकडाचं झालं हरीण. म्हणून ग्रंथांत मकर रास 'हरणाच्या तोंडाचा मकर' अशी येते. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड पोर्ट झाला, पण इंटरफेस स्थानिक लावला.

आता स्वभाव. मकरेचा स्वामी शनी, हे आपण पाठ केलेलं असतं. पण शनीच का? याचं कारण दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमीने लिहून ठेवलं आहे. त्याचं लॉजिक अगदी साधं आहे. कर्क आणि सिंह या उन्हाळ्याच्या राशी, सूर्य त्या वेळी डोक्यावर असतो, म्हणून त्या चंद्राला आणि सूर्याला दिल्या. त्यांच्या बरोबर समोर येतात मकर आणि कुंभ, कडाक्याच्या थंडीच्या राशी. त्या कुणाला द्यायच्या? सगळ्यात दूरचा आणि म्हणून सगळ्यात थंड मानलेला ग्रह म्हणजे शनी, त्याला. झालं.

म्हणजे मकर आणि शनी यांचं नातं हे भूमध्य समुद्राच्या काठावरच्या हिवाळ्याचं नातं आहे. दिवस लहान, समुद्र खवळलेला, पाऊसही तिकडे हिवाळ्यातच. अशा दिवसांतून जगून वाचायचं तर माणसाने काटकसरी, सोशिक आणि गंभीर असायलाच हवं. त्यातून सूर्य याच राशीत सगळ्यात खाली जाऊन पुन्हा वर चढायला लागतो, आणि बोकडही डोंगर चढतो. हे सगळं एकत्र करा, कष्टाळू मकर तयार.

मग वराहमिहिराचा आळशी? मला वाटतं त्याचीही किल्ली शनीच आहे. शनीचं आपल्याकडचं एक नाव 'मंद'. सावकाश चालणारा. एकाच सावकाशीला कुणी चिकाटी म्हटलं, कुणी आळस. आणि थंडी सोसत नाही हे तर उघडच, राशच थंडीची.

वर्तमानपत्रातली रास ही त्याहून नवी. १९३० साली लंडनच्या 'संडे एक्सप्रेस'मध्ये आर. एच. नेलर याने नवजात राजकन्या मार्गारेटचं भविष्य लिहिलं, ते गाजलं, आणि जन्मतारखेवरून भविष्य सांगणारे रकाने सुरू झाले. १९६८ साली लिंडा गुडमन बाईंचं 'सन साइन्स' आलं आणि मग कॉलेजच्या होस्टेलांपर्यंत सगळीकडे कॅप्रिकॉर्न पोचला. एकविसाव्या शतकात आपण ऑफिसात एकमेकांची रास विचारतो ती ही. घरात आजी विचारते ती वेगळी, चंद्राची.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पण माझ्या मामेबहिणीची रास मकर. चार-पाच वर्षांपूर्वी तिच्यासाठी एक चांगलं स्थळ आलं होतं. दोघं भेटले, बोलले, दोघांना पटलं. मग पत्रिका पाहिली. मुलाची रास सिंह. मकर आणि सिंह म्हणजे षडाष्टक, एकीपासून दुसरी सहावी आणि दुसरीपासून पहिली आठवी, आणि वर दोघांचे स्वामी शनी-सूर्य एकमेकांचे शत्रू. मामा म्हणाले, "विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" तिकडच्यांनीही हेच म्हटलं. कुणी वाईट नव्हतं, सगळे घाबरलेले होते. बहिणीने मला फोनवर एवढंच विचारलं, "दादा, माझ्यात नक्की काय वाईट आहे?"

हा लेख खरं तर त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुझ्यात काही नाही गं. सूर्याला उन्हाळ्याची सिंह रास आणि शनीला समोरच्या थंडीच्या राशी, ही वाटणी कुणीतरी १८०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाची हवा पाहून समजावून सांगितली. ती सोलापूरच्या हवेला लागूसुद्धा पडत नाही.

खरंच पडत नाही, बघा. सोलापूरचा जानेवारी हा वर्षातला सगळ्यात सुखाचा महिना. पहाटे बोचरी थंडी, दुपारी कोवळं ऊन. नंतर मार्चपासून जे काही होतं त्याबद्दल न बोललेलं बरं. या दिवसांत शिवारात रब्बी ज्वारी उभी असते. पाऊस कमी, पण काळ्या मातीत परतीच्या पावसाची ओल धरून ठेवलेली, त्या ओलीवर ती येते. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच. कणसं दुधात आली की हुरडा. आगटीच्या धगीवर भाजलेली कणसं तळहातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाटाणा, गाजर, वांगं, जे शेतात असेल ते घालून केलेली भाजी. मग तिळगूळ. रोमन शेतकऱ्याला मकर म्हणजे कोठारातलं संपत चाललेलं धान्य, आणि आपल्याला मकर म्हणजे तोंडाशी आलेलं पीक. ऋतू हा राशीत नसतो हो, तो अक्षांशावर आणि मातीवर असतो.

बरं, मकर रास नक्की सुरू तरी कधी होते? यावरही एकमत नाही. इंग्रजी कॅप्रिकॉर्न सुरू होतो २२ डिसेंबरच्या आसपास, जेव्हा दिवस सगळ्यात लहान असतो. आपली मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला. वराहमिहिराच्या काळी या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकत्र होत होत्या, आणि तो स्वतः सांगतो की जुन्या ग्रंथांत अयन दुसऱ्या ठिकाणी होतं, आता मकरेपाशी होतं. म्हणजे ते सरकतं हे त्याला दिसलं होतं. कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस फरक पडतो. साचत साचत तो आता २३-२४ दिवसांचा झाला आहे. छोटासा राउंडिंग एरर दीड हजार वर्षं कुणी रिसेट केला नाही की काय होतं, ते इथे पाहावं.

म्हणूनच स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. मागे हिशेब केला तर १७६१ ची संक्रांत येते १० जानेवारीच्या आसपास. म्हणजे १४ जानेवारीला पानिपतावर 'संक्रांत कोसळली' ती म्हणीतली. पंचांगातली चार दिवस आधीच होऊन गेली होती. आणि असंच चालू राहिलं तर आणखी पाच हजार वर्षांनी संक्रांत मार्चअखेर येईल. भर उन्हात तिळगूळ खायचा आणि हुरड्याचं नाव काढायचं नाही.

यात सोलापूरचा थेट संबंध आहे. महाराष्ट्रातल्या घराघरात भिंतीवर टांगलेलं दाते पंचांग सोलापूरचं. नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलेलं हे पंचांग शंभर वर्षांहून जुनं आहे. ते राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून धरतं. कोकणात बरेच लोक टिळक पंचांग मानतात, ते रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजतं. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीलाच होऊन जाते. आणि डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेलं, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांग तर महिने थेट ऋतूंना बांधतं. त्यात पौष सुरू होतो २२ डिसेंबरला.

हे सगळे लोक हुशार, गणित सगळ्यांचं बरोबर. फरक फक्त शून्य कुठे ठेवायचा यात आहे. आकाशात राशीच्या कडेला कुंपण घातलेलं नाही. ते माणसांनी संमतीने घातलेलं आहे.

संमती म्हटलं की सोलापूरकराला एकच जागा आठवणार. सिद्धेश्वर मंदिराजवळचा संमती कट्टा. संक्रांतीच्या आगेमागे इथे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, आमची गड्ड्याची यात्रा. सिद्धराम बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळचे, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे शरण. त्यांनी गावात तळं खोदवलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. त्यांच्या काळीसुद्धा संक्रांत आणि खरं उत्तरायण यांत दहा-बारा दिवसांचं अंतर पडलेलं होतं, त्याने कुणाचं काही अडलं नाही.

यात्रेची कथा सगळ्यांना माहीत आहे. एका कुंभाराची मुलगी रोज सिद्धरामांच्या दारात सडा-रांगोळी करायची. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते विरक्त, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायची परवानगी दिली. तेच लग्न दरवर्षी लागतं. आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग सात उंच नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी, आणि संमती कट्ट्यावर संमती वाचली की हजारो हातांतून अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम, ज्यात कथेतली ती मुलगी अग्नीत प्रवेश करते. हा भाग मला आजही अस्वस्थ करतो, पण ती गोष्ट वेगळी. मग शोभेचं दारूकाम, आणि पुढे कित्येक दिवस होम मैदानावर पाळणे, खेळणी आणि भज्यांच्या गाड्या.

आता यातली एक गोष्ट पाहा. संक्रांत बहुतेक पौषात येते, आणि पौषात आपण लग्नं लावत नाही. तरी पंचांगाच्या या गावात वर्षातलं सगळ्यात मोठं लग्न लागतं ते याच दिवसांत. वधू कुंभाराची, वर योगी. रास कुणाची कुठली हे कथेत कुणी विचारलेलं नाही. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारं अख्खं गाव उन्हात तासन्‌तास उभं राहतं आणि संमती देतं.

पंचांग मीही पाहतो. संक्रांत कधी, चंद्रोदय किती वाजता, हे गणित आहे आणि ते सुंदर आहे. पण माणसाचा स्वभाव त्यात शोधायला गेलं की सापडतो तो दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा हिवाळा. येत्या संक्रांतीला कुणी तुमची रास विचारली तर जरूर सांगा. आणि तेवढ्यावरून कुणाला नकार द्यायची वेळ आली, तर आधी हे विचारा की हवा कुठली धरलीय, अलेक्झांड्रियाची की सोलापूरची?

असो. तिळगूळ घ्या, गोड बोला. मकरवाल्यांनो, स्वेटर घाला. वराहमिहिराने सांगितलंय.