मिलिगन, स्पाइक : वडिलांकडून मिळालेले नागरिकत्व

मिलिगन, स्पाइक : (१६ एप्रिल १९१८–२७ फेब्रुवारी २००२). ब्रिटिश नभोवाणी गाजवणारा विनोदी लेखक व नट. मूळ नाव टेरेन्स ॲलन. जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे. वडील लिओ ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात, मूळचे आयर्लंडमधील स्लायगोचे, आई इंग्रज. बालपण पुण्यात व रंगूनमध्ये गेले, त्यानंतर कुटुंब इंग्लंडला परतले. ‘परतले’ हे आईबापांपुरतेच खरे. मुलगा तिथे जन्मलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश तोफखान्यातून लढला आणि १९४४ मध्ये इटलीत मोंते कासीनो येथे जखमी झाला. बीबीसीवरील ‘द गून शो’ने (१९५१–६०) त्याला कीर्ती दिली.

१९१८ मध्ये नगर, स्लायगो आणि लंडन एकाच राजाच्या अमलाखाली होती. पुढे आयर्लंड वेगळे झाले, भारत स्वतंत्र झाला आणि बापलेकांची दोन्ही जन्मगावे ब्रिटनच्या हद्दीबाहेर गेली. ब्रिटनसाठी रक्त सांडलेल्या मिलिगनला १९६० च्या सुमारास ब्रिटिश पासपोर्ट नाकारला गेला. राजनिष्ठेची शपथ घ्यायला तो तयार नव्हता, हेही त्याचे एक कारण. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने भारतात जन्मलेल्यांची वाट आणखी अवघड केली. त्याच वर्षी त्याने आयरिश नागरिकत्व घेतले. आई किंवा वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले असले की तिथला १९५६ चा कायदा अपत्याला नागरिक मानतो. त्यासाठी तिथे राहण्याची अट नाही. तो आयर्लंडला राहायला गेलाही नाही. २००१ मध्ये मिळालेला ब्रिटिश ‘नाइट’ किताब मात्र परदेशी नागरिक म्हणून मानद ठरला, त्यामुळे नावामागे ‘सर’ लागले नाही. विंचेल्सी येथील त्याच्या थडग्यावरचा मिस्कील मजकूरही आयरिश भाषेत आहे.

आयर्लंडप्रमाणे जर्मनीतही आईबापांकडून नागरिकत्व मिळते. शिवाय नाझी राजवटीने ज्यांचे नागरिकत्व हिरावले, त्यांच्या वंशजांना ते परत मागता येते. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनाही पोर्तुगालची अशीच वाट खुली आहे. आयरिश नागरिकत्व घेताना मिलिगनला भारतीय नागरिकत्व सोडावे लागले नाही, कारण ते त्याच्याकडे नव्हते. आजच्या नगरकराचे तसे नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना दिले जाणारे ओसीआय कार्ड मिळू शकते; त्यावर भारतात राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.