घारापुरी

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील बेट व त्याच नावाची ग्रामपंचायत. मुंबईतील गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेला सुमारे १० कि.मी. अंतरावर. सहाव्या शतकातील शैव लेण्यांसाठी प्रसिद्ध. १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट. लोकसंख्या सुमारे १,२००. पोर्तुगीजांनी दिलेल्या ‘एलिफंटा’ या नावानेही ते ओळखले जाते.

मुंबईजवळच्या सहलींच्या ठिकाणांत घारापुरीचे वेगळेपण असे की ते केवळ एका दिवसाचे ठिकाण आहे. बाहेरच्या पर्यटकाला बेटावर रात्री राहण्याची मुभा नसते. सकाळी नऊच्या सुमारास गेटवेवरून पहिली लाँच सुटते आणि संध्याकाळी परतीची शेवटची लाँच गेली की बेट गावकऱ्यांच्या ताब्यात येते. दुकाने कधी उघडायची, चहा कधी ठेवायचा, डोलीवाल्यांनी धक्क्यावर कधी जमायचे, हे सगळे लाँचच्या वेळांवर ठरते. घाईत आलेला पर्यटक पहिले लेणे पाहून, मक्याचे कणीस खाऊन परत फिरतो. तेवढ्यावर बेट पाहिले असे म्हणणे धाडसाचे आहे.

जलमार्ग. लाँचला साधारण तासभर लागतो, आणि सहलीतला निम्मा आराम याच तासात मिळतो. वरच्या डेकवर बसण्यासाठी थोडे जादा पैसे घेतात, ते द्यावेत. मागे गेटवे (बांधकाम १९२४ मध्ये पूर्ण) आणि ताजमहाल हॉटेल (१९०३) लहान होत जातात. एका बाजूला नौदलाची जहाजे, पुढे तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप, आणि उत्तरेकडे २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू दिसतो. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात. प्रवासी त्यांना कुरकुरे भरवतात. पक्ष्यांच्या दृष्टीने हे चांगले नाही, पण ते थांबेल असेही दिसत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. ‘नीलकमल’ बुडाली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले. उकाड्यामुळे अनेकांना ते नकोसे वाटते, तरी ते अंगावरून काढू नये.

भूरचना व वस्ती. बेटावर दोन टेकड्या असून मध्ये अरुंद दरी आहे. दगड दख्खनच्या बेसाल्टचा. किनाऱ्यावर खारफुटी आणि चिखल आहे. पोहण्याजोगी पुळण येथे नाही, त्यामुळे समुद्रस्नानाच्या आशेने येणाऱ्याची निराशा होते. पश्चिमेच्या टेकडीवर मुख्य लेणी, पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या. पर्यटकांची लाँच शेतबंदराला लागते. पूर्वी भातशेती, मासेमारी आणि होड्यांची दुरुस्ती यांवर गाव चाले. आता बहुतेक घरांचा काही ना काही संबंध पर्यटनाशी आहे.

शहराचे दिवे समोर दिसत असूनही या गावाला विजेसाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे तीन-साडेतीन तास वीज मिळे. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात कि.मी. लांबीची केबल टाकून महावितरणने २०१८ च्या फेब्रुवारीत बेट राज्याच्या वीजजाळ्याला जोडले. पर्यटक सूर्यास्तापूर्वी परततात, त्यामुळे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ही अडचण कधी जाणवली असेल.

इतिहास. मोराबंदराच्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. त्यावरून इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच हे बेट परदेशी व्यापाराच्या वाटेवर होते, हे कळते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांची समुद्रावरील ‘पुरी’ जिंकल्याचा उल्लेख ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखात आहे. ती पुरी म्हणजे घारापुरी, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती राजापुरीच्या खाडीकडे असावी.

मुख्य लेणे कोणी खोदवले हे सांगणारा लेख आज जागेवर नाही. येथील एक शिलालेख पोर्तुगीजांनी पोर्तुगालला पाठवला आणि तो पुढे हरवला, अशी नोंद दियोगो द कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने केली आहे. तो दगड सापडला असता तर विद्वानांचे निम्मे वाद मिटले असते. सध्या अधिक मान्य मत असे, की हे काम सहाव्या शतकाच्या मध्यास कलचुरी राजा कृष्णराज याच्या काळात झाले. बेटावर त्याच्या हलक्या किमतीच्या नाण्यांचा साठा मिळाला असून शोभना गोखले यांनी त्याचा अभ्यास केला आहे. ही नाणी कारागिरांच्या मजुरीची असावीत, हा वॉल्टर स्पिंक यांचा तर्क पटण्यासारखा आहे. कलचुरी राजे पाशुपत पंथाचे होते आणि लेण्यातील शिल्पांवरही त्या पंथाची छाप आहे.

१५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे गेले. राजबंदराजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला नाव दिले. या हत्तीची पुढची हकिकत बेटावरच्या कोणत्याही शिल्पापेक्षा चमत्कारिक आहे. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना आणखी मोडला. मग तुकडे मुंबईतच राहिले आणि व्हिक्टोरिया गार्डनमध्ये ठेवले गेले. १९१४ मध्ये ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला तो आज पाहता येतो. ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडले तो हत्ती पाहायला लाँचची गरज नाही, हे बहुतेक पर्यटकांना ठाऊक नसते.

अठराव्या शतकात बेट इंग्रजांकडे आले आणि मुंबईच्या साहेबांची सहल येथे सुरू झाली. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, मुंबईत आला तेव्हा त्याला मेजवानी चक्क लेण्याच्या आत दिली होती. आज तेथे डबा उघडला तर पहारेकरी हटकतात. हा बदल योग्यच आहे.

लेणी. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी धावते. चालतही जाता येते आणि चालणेच बरे. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे चढण सावलीतून होते. वृद्धांसाठी डोल्या मिळतात. माकडांपासून पिशवी आणि शीतपेयाची बाटली सांभाळावी.

पश्चिमेच्या टेकडीवरील पाच लेण्यांपैकी पहिले सर्वांत मोठे, समोरून मागपर्यंत सुमारे ३९ मी. खोल. मुख्य दार उत्तरेला आहे, आणखी दोन वाटा पूर्वेकडून व पश्चिमेकडून आत येतात. चार दारांचे लिंगमंदिर आणि प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल अशी याची रचना आहे. वेरूळचे धुमार लेणे (क्र. २९) ज्याने पाहिले असेल त्याला हा आराखडा लगेच ओळखू येईल. दोन्ही लेणी एकाच घडणीची आहेत, पण शिल्पांच्या बाबतीत घारापुरी सरस.

उत्तरेच्या दारातून आत येताना डावीकडे योगेश्वर शिव आणि उजवीकडे नटेश. समोर दक्षिणेच्या भिंतीत, अर्धवट अंधारात, सुमारे साडेपाच मीटर उंचीची महेशमूर्ती आहे. तिला त्रिमूर्ती म्हणण्याची सवय जुनी असली तरी हे ब्रह्मा, विष्णू, महेश नव्हेत. तिन्ही मुखे शिवाचीच. मधले शांत तत्पुरुष, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला मिशा असलेला उग्र अघोर, उजव्या हाताला हाती कमळ घेतलेला कोमल वामदेव. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना अर्धनारीश्वर आणि गंगाधर यांचे पट आहेत. मार्गदर्शकांचे घोळके येथे पाच-दहा मिनिटे थांबतात. ते गेल्यावर खांबाला टेकून डोळे अंधाराला सरावू द्यावेत, म्हणजे बाजूच्या मुखांतले बारकावे दिसू लागतात.

पश्चिमेकडील कल्याणसुंदर पटावर गर्दी कमी असते. तेथे पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, म्हणजे लग्न अजून लागायचे आहे; मान खाली, पाठीशी कन्यादानाला आलेला हिमवान. शेजारचा अंधकासुरवध तेवढाच उग्र. पूर्वेकडे कैलास हलवणारा रावण आणि सारीपाटावर रुसलेली पार्वती. अनेक मूर्तींचे पाय गुडघ्याखाली उरलेले नाहीत. याचा सगळा दोष पोर्तुगीज शिपायांच्या माथी मारण्याची रीत आहे. पण पावसाचे झिरपणारे पाणी आणि नंतरच्या शतकांतली बेपर्वाई यांचाही त्यात वाटा आहे.

उरलेले बेट. बाकीची लेणी अर्धवट किंवा पडझड झालेली आहेत, ती पाहायला अर्धा तास पुरतो. दरीपलीकडे पूर्वेच्या टेकडीवर ‘सीताबाईचे देऊळ’ म्हणून ओळखले जाणारे सहावे लेणे आहे. पश्चिमेच्या टेकडीच्या माथ्यावर इंग्रजी अमदानीतल्या दोन जुन्या तोफा आहेत. झाडांतून वर जाणारी वाट सोपी असून माथ्यावर वारा असतो. तेथून न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या (१९८९ पासून सुरू) प्रचंड क्रेन समोर येतात. पहिल्या शतकांतल्या व्यापाराची खापरे आणि आजची कंटेनर जहाजे एकाच खाडीत आहेत, हे येथे उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. दुपारचे दोन तास या बाजूला घालवले तर गर्दी टळते आणि जेवणही निवांत होते. उतरताना गावच्या बायकांकडून काकडी, कैरी, बोरे घ्यावीत.

गेटवेप्रमाणेच उरणच्या बाजूनेही, न्हाव्याकडून, होड्या येतात. गावकऱ्यांची ये-जा अधिक त्याच वाटेने होते. शिवडीपासून बेटापर्यंत सुमारे आठ कि.मी.चा रोपवे बांधण्याचा प्रस्ताव मुंबई बंदराने मांडला होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा एलिफंटा महोत्सव १९८९ पासून भरू लागला. लेणी सोमवारी बंद असतात. महाशिवरात्रीला भाविकांची गर्दी उसळते, म्हणून निवांतपणा हवा असेल त्याने तो दिवस टाळावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना लाँच बंद ठेवतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि त्यातही आठवड्याच्या मधल्या दिवसाची पहिली लाँच.