वाटेवरचा गळ

बडोद्याच्या जुन्या कोटास चार दिशांना चार दरवाजे आहेत : पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पूर्वेस पाणीगेट. पाणीगेटाहून निघणारा रस्ता आजव्याकडे जातो. तेथे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत बांधलेल्या सयाजी सरोवराचे पाणी १८९२ साली शहरास मिळू लागले. नगराचा दरवाजा आणि पाणी यांमधील अशी वाट मासे धरणाऱ्याच्या रोजच्या पायाखालची. परंतु इतिहासकारांचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. गळ कसा टाकावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो पाण्यापर्यंत नेताना व परत आणताना हरवू नये म्हणून काय करावे, आणि हरवलाच तर तो कोणाचा, हे सांगणारे थोडे.

या विषयाचा धागा आम्हांस बडोद्यातच सापडतो. १९१६ साली सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला ‘मानसोल्लास’ प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला खंड १९२५ चा, दुसरा १९३९ चा व तिसरा १९६१ चा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या या ग्रंथात शंभर अध्याय असून त्यांतील एक ‘मत्स्यविनोद’ आहे. माशांचे पस्तीस प्रकार, कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे आणि गळाने त्यास कसे धरावे, हे सारे तेथे आले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर निबंध लिहिला, तेव्हा आधुनिक अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले.

राजाला गळाची काठी स्वतः वाहून नेण्याचे कारण नव्हते, सेवक होते. सामान्य माणसास ते ओझे स्वतःच्याच खांद्यावर घ्यावे लागते. बांबूची काठी लांब, शेंडा बारीक, आणि आकडा तर वाटेतल्या प्रत्येक काटेरी फांदीशी सलगी करणारा. म्हणून जाणते लोक दोरी काठीभोवती गुंडाळून आकडा भेंडाच्या किंवा बुचाच्या तुकड्यात रोवतात. झाडीतून जाताना बुंधा पुढे व शेंडा मागे ठेवतात, म्हणजे शेंडा अडकून मोडत नाही. दोन-तीन काठ्या असल्यास त्यांची दोन्ही टोकांशी चिंधीने मोळी बांधतात, आणि सांध्यांची काठी असल्यास तिचे तुकडे एकाच दोरीत ओवतात. तरीही काठी जाते. आणि ती बहुधा चालताना जात नाही, तर विसाव्याच्या जागी झाडाला टेकवून ठेवलेली तेथेच राहते. यास्तव निघताना जशा मोजाव्या तशाच प्रत्येक विसाव्यावरून उठतानाही मोजाव्या, हाच खरा नियम.

इतके करूनही काठी हरवली तर काय? येथे त्याच कल्याणीतील दुसरा ग्रंथ पुढे येतो. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. पित्याच्या राज्यात हरवलेल्या वस्तूचा न्याय लिहिला गेला व पुत्राने गळाचे शास्त्र लिहिले, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. याज्ञवल्क्याचे म्हणणे असे की, हरवलेली वस्तू सापडल्यास राजाने ती धन्यास परत द्यावी. मात्र धन्याने ती खुणांनी आपली म्हणून सिद्ध करावी. ते न साधल्यास तो वस्तूच्या किमतीइतक्या दंडास पात्र होतो. जकातीच्या अधिकाऱ्याने किंवा स्थानरक्षकाने आणून दिलेली वस्तू वर्षाच्या आत धन्याने न्यावी, असेही तो सांगतो. मनूने ही मुदत तीन वर्षांची धरली आणि सांभाळाबद्दल राजास सहावा, दहावा किंवा बारावा भाग घेण्याची मुभा दिली. ‘हे माझे’ म्हणणाऱ्यास वस्तूचे रूप, रंग, माप, ती कोठे व केव्हा हरवली, हे विचारावे असेही मनूचे वचन आहे. आमच्या धंद्यातील उलटतपासणीहून हे फारसे वेगळे नाही!

या वचनांत नाक्यावरचा अधिकारी व ठाण्यावरचा रक्षक यांची नावे यावीत, हे सहज झालेले नाही. वाटेवर पडलेली वस्तू अखेरीस जेथे सर्वांस थांबावे लागते तेथेच पोहोचते. नगराचा दरवाजा हे तसे स्थान होय.

आजचा कायदाही याच वाटेने चालतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमाप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती ठेव म्हणून सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. १६८ व्या कलमाने, तिचा सांभाळ करण्यात व धनी शोधण्यात पडलेले श्रम व खर्च यांची भरपाई मिळेपर्यंत ती अडकवून ठेवता येते. भरपाईसाठी दावा मात्र लावता येत नाही, जाहीर केलेल्या बक्षिसासाठी लावता येतो. धनी ठाऊक असता, किंवा त्यास शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता, ती स्वतःची करून टाकणे हा अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा होय. पूर्वी तो भारतीय दंडसंहितेच्या ४०३ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात आहे.

कोणी म्हणेल, चार आण्यांच्या बांबूसाठी एवढे शास्त्र कशाला? पण तो बांबू मराठीत गळ म्हणा वा कोकणीत गरी म्हणा, ज्याचे त्या दिवशीचे जेवण त्याच्या टोकाशी लोंबत असते त्यास तो चार आण्यांचा नसतो. शास्त्रकारांनी वस्तूच्या किमतीवरून धन्याचा हक्क लहानमोठा केला नाही, यातच त्यांची थोरवी. त्यांनी मागितली ती फक्त खूण. म्हणून काठीच्या बुंध्यावर तापल्या सळईने आपली निशाणी उमटवून ठेवावी. आणि वाटेत दुसऱ्याची निशाणी असलेली काठी दिसल्यास ती उचलून, पुढे जो नाका लागेल तेथे विचारपूस करावी. पहिले काम शहाणपणाचे, दुसरे धर्माचे. आणि या दुसऱ्यावाचून पहिल्याचा उपयोग नाही.