वऱ्हाडचे नबाब

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खापर्डे हे नाव इतिहासाच्या पुस्तकातून फारसं कुणाला कळत नाही. ते पोथीतून कळतं. गजानन विजय ग्रंथाचा पंधरावा अध्याय ज्यांनी एकदा जरी वाचला असेल त्यांना अकोल्याची १९०८ सालची शिवजयंतीची सभा आठवेल. टिळक आलेत, महाराज व्यासपीठावर आहेत आणि सभेच्या मंडळींत एक नाव खापर्डे. ज्यांच्याकडे साईसच्चरित्र वाचतात त्यांनाही हे नाव भेटतं. मुलाला प्लेगच्या गाठी आल्या म्हणून घाबरलेली आई साईबाबांकडे येते, ती यांचीच पत्नी, लक्ष्मीबाई. दोन संत, दोन पोथ्या आणि दोन्हीकडे हेच एक वकीलसाहेब. मी लहानपणी समजायचो की हे कुणी मोठे भक्त असणार, बस्स.

मग कधीतरी टिळकांवर वाचताना गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे पुन्हा भेटले. तिथे त्यांना लोक 'वऱ्हाडचे नबाब' म्हणतात. थाटामाटात राहणारे, घरात कायम पाहुण्यांच्या पंगती, कोर्टात आणि सभेत हजरजबाबी, विनोदी. मला तेव्हापासून या माणसाचं कुतूहल आहे. कारण त्यांची सगळी कारकीर्द एका विचित्र कायदेशीर गुंत्यात सुरू झाली आणि जवळजवळ त्याच गुंत्यात संपली. तो गुंता म्हणजे आपला वऱ्हाड.

आधी हा गुंता सांगतो, कारण बाहेरच्या मंडळींना (आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या नव्या पिढीलाही) तो माहीत नसतो.

वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ साली इंग्रजांनी, निजामाच्या नावाने ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला या सबबीखाली, तो निजामाकडून कारभारासाठी लिहून घेतला. लिहून घेतला, पण मालकी निजामाचीच राहिली. १८६० च्या तहात थोडे फेरफार झाले, मूळ गोष्ट तीच. म्हणून सरकारी कागदांत या भागाचं नाव होतं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. सोप्या भाषेत, गहाण पडलेला प्रांत. कलेक्टरच्या जागी डेप्युटी कमिशनर, आणि सगळ्यांच्या वर हैदराबादला बसलेला रेसिडेंट. मुंबईच्या हायकोर्टाचा इथे हुकूम चालत नव्हता. इंग्रज हद्दीतला कायदा आपोआप इथे लागू होत नसे, तो गव्हर्नर जनरलच्या हुकमाने वेगळा लागू करावा लागे. म्हणजे मलकापूरच्या पश्चिमेला जरा पुढे गेलं की खानदेश, तिथे एक राज्य. देऊळगाव राजाच्या पलीकडे जालन्याची बाजू, तिथे निजामाची खुद्द अमलाची 'मोगलाई', वेगळं नाणं, वेगळी कचेरी. आणि मध्ये आपण, ना धड इकडचे ना तिकडचे.

आमच्या घरी जुनी माणसं जालना-भोकरदनकडे जाण्याला 'मोगलाईत गेला' असंच म्हणायची. मोगल जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, शब्द राहिला.

अशा मुलखात वकील पिकणार नाहीत तर काय होईल? त्यात भर पडली कापसाची. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास मुंबईहून येणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत नागपूरकडे गेली. जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन तो फाटा आणि कापसाचा बाजार उघडून गेले. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! यावरून त्या कापसाची किंमत समजा. (खामगाव आणि जळगाव हे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ साली जिल्ह्यांची फेरमांडणी झाली तेव्हा ते बुलढाण्यात आले. म्हणून जुन्या कागदांत आपलं गाव सापडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी अकोल्याच्या बासनात बघावं.)

जमीन मोजली गेली, मुंबईच्या पद्धतीने रयतवारी झाली, प्रत्येक शेतकरी आपापल्या नावाचा खातेदार झाला. खातं नावावर आलं की ते गहाण टाकता येतं, विकता येतं. युद्ध संपल्यावर भाव पडले, पण भाव असताना काढलेलं कर्ज तसंच राहिलं. सावकार, गहाणखत, दिवाणी दावा, जप्ती, लिलाव. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने कचेरीचं तोंड पाहिलं नव्हतं तो आता तारखेला जाऊ लागला. तारीख म्हटली की वकील आलाच.

खापर्डे १८५४ चे, वऱ्हाडातल्या इंग्रोळीचे. वडील गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत मामलेदारीपर्यंत पोचलेले. हे शिकले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, १८८४ साली एलएल.बी. झाले. नंतर काही वर्षं वऱ्हाडातच मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरी. आणि १८९० च्या सुमारास ती सोडून अमरावतीला वकिली.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर ही त्या काळी नेटिव्ह माणसाला मिळणारी मोठी जागा. वडिलांनी जन्मभर ज्या पायऱ्या चढल्या त्याच्या वरची पायरी मुलाला तिशीतच मिळाली होती. ती सोडायची म्हणजे घरात काय बोलाचाली झाली असतील याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी बँकेतली नोकरी सोडायचा नुसता विषय काढलाय त्यांना येईल. पण हिशोबाने बघितलं तर निर्णय बरोबर होता. वकिलीत पैसा होता, आणि दुसरं म्हणजे सरकारला तोंडावर 'तुमचं चुकतंय' असं रोज म्हणता येईल अशी जागा सबंध वऱ्हाडात एकच होती, कोर्ट. मुंबई इलाख्यात १८६२ पासून कायदेकौन्सिल होतं, नामधारी का होईना. वऱ्हाडला काहीच नव्हतं. मध्य प्रांत-वऱ्हाडचं कौन्सिल बसायला १९१४ साल उजाडलं. तोवर वऱ्हाडी माणसाला बोलायला तीन जागा, कोर्ट, लोकल बोर्ड आणि काँग्रेसचा मांडव. खापर्डे तिन्ही ठिकाणी होते. अमरावतीच्या लोकल बोर्डाचं अध्यक्षपद त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं.

अमेरिकेत इलिनॉयच्या कोर्टाकोर्टांतून घोड्यावर फिरणाऱ्या लिंकनची गोष्ट आपण शाळेत वाचतो. नव्याने वसलेल्या मुलखात वकीलच पुढारी होतो, तसंच इथे झालं. आणि एका अमरावतीच्या बारमधून किती निघावेत! रंगनाथ नरसिंह मुधोळकर, जे १९१२ साली बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी, जे पुढे सर झाले आणि प्रांताचे गृहमंत्री म्हणतात तशा जागेवर बसले. आणि खापर्डे. तिघं एकाच कोर्टात उभे राहणारे, पण पहिले दोघे मवाळ आणि हे टिळकांचे. (आपल्या जिल्ह्यातले वकील श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगाव-जळगावला वकिली करता करता तिसराच रस्ता धरला आणि सुदाम्याचे पोहे वाटले. पण तो वेगळा विषय.)

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेस अमरावतीला भरली. ते वर्ष आठवा. आदल्या वर्षापासून दुष्काळ, मुंबई-पुण्याकडे प्लेग, रँडचा खून, आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा. अशा वेळी स्वागताध्यक्ष कोण, तर टिळकांचे मित्र खापर्डे. अध्यक्ष होते मद्रासचे शंकरन नायर. ज्या प्रांतात स्वतःचं कौन्सिल नाही, जो धड ब्रिटिश हिंदुस्थान नाही, तिथे सबंध हिंदुस्थानची सभा. मला तर खापर्ड्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात उंच क्षण वाटतो. यानंतरचे त्यांचे मोठे खटले ते हरतच गेले.

१९०२ साली कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमचा पट्ट्याने घेतला, वर्षाला २५ लाख रुपये. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला. भाडेकरू बदलला नाही, फक्त भाडेचिठ्ठी कायमची झाली. वऱ्हाडी माणसाला कुणी विचारलं नाही हे सांगायला नकोच.

१९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली, खापर्डे टिळकांच्या बाजूला. १९०८ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. आणि ऑगस्टमध्ये चोपन्न वर्षांचा हा अमरावतीचा वकील आपली चालती वकिली टाकून बोटीने विलायतेला गेला, प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करायला आणि पार्लमेंटच्या सभासदांची दारं ठोठावायला. अपिलाची परवानगीच मिळाली नाही. तरी ते परत आले नाहीत. दोन वर्षांहून जास्त काळ लंडनमध्ये राहिले.

वकील मंडळींना विचारा, दोन वर्षं ऑफिस बंद म्हणजे काय. अशील थांबत नाही. तो दुसऱ्या दाराने जातो आणि मग तिथलाच होतो. नबाबी थाट ज्या उत्पन्नावर चालला होता ते उत्पन्न म्हणजे रोज कोर्टात उभं राहणं. ते थांबलं. परतीच्या वाटेवर ते रंगूनला उतरले आणि ऑक्टोबर १९१० मध्ये मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. दोन वर्षांच्या खटपटीनंतर मित्राला सांगायला हातात काहीही नाही, अशी ती भेट. तिथे काय बोलणं झालं असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

डिसेंबर १९१० ला ते पहिल्यांदा शिर्डीला गेले. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला पुन्हा गेले ते १५ मार्च १९१२ पर्यंत तिथेच. खापर्डे इंग्रजीत रोजनिशी लिहीत, तिचा शिर्डीचा भाग छापलेला आहे आणि जरूर वाचण्यासारखा आहे. चमत्काराच्या गोष्टी हव्या असणाऱ्यांची थोडी निराशा होईल. पहाटे उठलो, काकड आरती, वाड्यात कोण आलं, काय वाचलं, जेवलो, थोडा पडलो. वकिली शिस्तीची नोंद. पण ती वाचताना डोक्यात सतत असतं की हा माणूस अमरावतीला परत जायची वाट बघतोय आणि निघायचं काही ठरत नाहीये. सच्चरित्रात म्हटलंय की बाबांपुढे न बोलणारी मोजकी माणसं होती आणि त्यांतले एक खापर्डे. ज्याच्या जिभेवर सभा हसायच्या तो मशिदीत गप्प बसायचा. भाविकांना यात भक्ती दिसते, ते बरोबरच आहे. मला त्यात थकवाही दिसतो.

पण संपले नाहीत. १९१४ ला टिळक सुटले, १९१६ ला होमरूल लीग निघाली, खापर्डे तिच्या चालकांत. १९१८ ला लीगचं शिष्टमंडळ विलायतेला निघालं, त्यातही होते, सरकारने ते कोलंबोहूनच परत फिरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वरिष्ठ कायदेकौन्सिलात रौलट कमिटीच्या अहवालाचा विचार तहकूब ठेवावा असा ठराव त्यांनी मांडला, तो फेटाळला गेला. पुढच्या वर्षी रौलट कायद्यावरून देशभर काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. सहा महिने आधी सांगणाऱ्याचं नाव मात्र माहीत नसतं.

का नसतं, याचं उत्तर १९२० मध्ये आहे. ऑगस्टमध्ये टिळक गेले. डिसेंबरात नागपूर काँग्रेसने असहकार मंजूर केला. वकिलांनी कोर्टं सोडा, कौन्सिलांवर बहिष्कार घाला. खापर्ड्यांना हे पटलं नाही. गंमत बघा, टिळकांसाठी ज्याने एकदा कोर्ट खरोखरच सोडून बघितलं होतं, तोच आता सोडायला नाही म्हणाला. लोक याला म्हातारपणचा हट्ट म्हणतात. मला वाटतं, ज्या प्रांताला बोलायला जागाच नव्हती तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला हाती आलेली जागा रिकामी सोडणं जमलं नसावं. गांधींच्या बाजूने इतिहास लिहिला गेला, आणि योग्यच लिहिला गेला, पण त्यात असे लोक समासात गेले.

ते नव्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले, दिल्लीला. वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी म्हणून. आणि इथे तो जुना गुंता पुन्हा उभा राहिला. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नाही, मुलूख निजामाचा, मग तिथला माणूस 'निवडून आलेला' कसा म्हणायचा? तोड अशी काढली की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, जो जिंकेल त्याला सरकारने नेमायचं. म्हणून सभासदांच्या यादीत खापर्ड्यांचं नाव निवडून आलेल्यांत नाही. ते सरकारनियुक्त सभासदांत आहे, सरकारी अधिकाऱ्यांच्या रांगेत, पुढे लिहिलंय 'वऱ्हाडचे प्रतिनिधी'. तीस वर्षांपूर्वी सरकारी नेमणूक सोडून बाहेर पडलेला माणूस, मतं मिळवून, पुन्हा सरकारी नेमणुकीवर.

त्यावर त्यांनी काय कोटी केली असेल ते ऐकायला मला आवडलं असतं.

१ जुलै १९३८ ला दादासाहेब वारले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३६ मध्ये, निजामाचं वऱ्हाडवरचं नाव सरकारने पुन्हा एकदा मान्य केलं होतं आणि हैदराबादच्या युवराजाला नवा किताब दिला होता, 'प्रिन्स ऑफ बेरार'.