अन्नसाहाय्य, निराधारांचे

स्वतःच्या श्रमावर किंवा कुटुंबाच्या आधारावर ज्यांना अन्न मिळविता येत नाही, अशा व्यक्तींना व कुटुंबांना कोरडा शिधा वा शिजविलेले अन्न विनामूल्य पुरविण्याची धर्मादाय व शासकीय व्यवस्था. महाराष्ट्रात या व्यवस्थेची जडणघडण मुख्यत्वे दुष्काळांच्या अनुभवातून झाली. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात अवर्षण वारंवार येत असल्याने तेथील भूमिहीन मजूर, विधवा, अनाथ मुले व वृद्ध यांच्यावर उपासमारीचा प्रसंग प्रथम ओढवे. काम करू न शकणाऱ्या माणसाला अन्न कोणी व कोणत्या नात्याने द्यावयाचे, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. धर्म, परकीय राजवट, समाजसुधारक व लोकनियुक्त शासन यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली.

पारंपरिक अन्नदान : भारतीय परंपरेत अन्नदान श्रेष्ठ दान मानले गेले आहे. यात्रेकरूंना किंवा गरजूंना कोरडा शिधा नित्य देण्याच्या प्रथेस सदावर्त आणि शिजविलेले अन्न वाढण्याच्या व्यवस्थेस अन्नछत्र म्हणत. संस्थानिक, सरदार व सावकार तीर्थक्षेत्री अशी अन्नछत्रे चालवीत. अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांनी भारतभरच्या तीर्थस्थानी केलेली अन्नदानाची सोय प्रसिद्ध आहे. तथापि या व्यवस्थेला मर्यादा होत्या. अन्नछत्रे बहुधा क्षेत्रांच्या ठिकाणी असल्यामुळे दूरच्या खेड्यातील उपाशी कुटुंबाला गाव सोडून तेथवर जावे लागे. अनेक ठिकाणी पंगतीत जातिभेद पाळला जाई आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला उरलेसुरले अन्न येई. खेड्यात बलुते व भिक्षा यांचा आधार असे. परंतु पीकच बुडाले, की देणाऱ्याचीही कणगी रिकामी होई.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या संदर्भात लक्षणीय आहे. परंपरेनुसार पंधराव्या शतकातील एका दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाचे धान्यकोठार उपाशी लोकांसाठी खुले केले आणि विठ्ठलाने महाराच्या रूपाने त्या धान्याची किंमत भरून त्यांना शिक्षेतून सोडविले. राज्याच्या कोठारातील धान्य उपाशी माणसाला देणे हा राज्याच्या दृष्टीने अपराध, तर लोकांच्या दृष्टीने पुण्य होते, हे या कथेवरून दिसते. १६३०–३२ च्या भीषण दुष्काळात गुजरात व दख्खनमधील कित्येक गावे ओस पडली. संत तुकारामांची पहिली पत्नी व मुलगा याच दुष्काळात दगावल्याचे परंपरा सांगते.

१८७६–७८ चा दुष्काळ : या दुष्काळात मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात शासनाने कामाच्या मोबदल्यात मदत देण्याचे धोरण स्वीकारले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी केंद्र सरकारने पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरीचा दर कमी केला. दिवसाला सुमारे एक पौंड धान्य व वर अल्पशी रोकड एवढ्यावर मजुराने राबावे, अशी ही योजना होती. या ‘टेंपल मजुरी’विरुद्ध हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. उपासमारीची पद्धतशीर नोंद ठेवून तिच्या आधारे मदतीची मागणी करण्याचा महाराष्ट्रातील हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

ज्यांना खडी फोडणे शक्य नव्हते, त्यांची बाजू सत्यशोधक समाजाने घेतली. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १७ मे १८७७ रोजी साहाय्याचे आवाहन प्रसिद्ध करून पुण्याजवळील धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालविला. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाची भीषणता व सत्यशोधक कार्यकर्त्यांचे मदतकार्य यांचे वर्णन आढळते. या कार्यात जातीचा निर्बंध नव्हता. पारंपरिक अन्नछत्रापासून त्याचे वेगळेपण येथेच आहे.

दुष्काळ संहिता व धर्मादाय निधी : सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. तीनुसार धडधाकट लोकांना काम आणि वृद्ध, अपंग, आजारी व लहान मुले यांना विनामूल्य साहाय्य अशी विभागणी करण्यात आली. निराधारांची यादी गावच्या अधिकाऱ्यांनी करावयाची होती. काम करण्याची तयारी हीच गरजेची कसोटी ठरल्यामुळे तान्ह्या मुलांच्या माता, पडदानशीन स्त्रिया व कामावर जाणे अप्रतिष्ठेचे मानणारी कुटुंबे यांची परिस्थिती बिकट झाली. यादीत नाव येणे वा न येणे हे पाटील-कुलकर्ण्यांच्या मर्जीवरही अवलंबून राहिले.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत ही उणीव भरून काढण्यासाठी सार्वजनिक वर्गणीतून धर्मादाय निधी उभारण्यात आले. अनाथांचे पोषण, कामावर न जाऊ शकणाऱ्या प्रतिष्ठित गरिबांना साहाय्य, शासकीय मदतीला कपडे इत्यादींची जोड आणि शेतकऱ्यांना पुन्हा उभे राहण्यासाठी बैल व बी-बियाणे अशी या निधींच्या विनियोगाची क्षेत्रे ठरविण्यात आली होती. जयपूरच्या महाराजांनी १९०० मध्ये दिलेल्या १५ लाख रुपयांच्या देणगीतून दुष्काळ साहाय्याचा कायमस्वरूपी न्यास स्थापन झाला.

याच काळात लोकमान्य टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या द्वारे दुष्काळ संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना मराठीतून समजावून दिल्या. संहितेने देऊ केलेली मदत व सूट हक्काने मागावी, असा या प्रचाराचा आशय होता. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मध्य प्रांत व गुजरात येथील दुष्काळग्रस्त मुली व विधवा यांना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांचा मृत्यू १८७४ च्या सुमारास उपासमारीमुळे झाला होता. धर्मांतराच्या प्रश्नावरून रमाबाईंवर टीका झाली. मात्र अन्नाबरोबर निवारा, शिक्षण व उद्योग देण्याची त्यांची पद्धत पुढील संस्थांना मार्गदर्शक ठरली.

दानधर्माकडून समाजकार्याकडे : विसाव्या शतकात अन्नदानाच्या कल्पनेत पालट झाला. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी पंढरपूर, आळंदी, नासिक इ. ठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि आंधळे, पांगळे व अस्पृश्य मानले गेलेले लोक यांना अन्नदानात अग्रस्थान दिले. दुसरीकडे, गरिबीची कारणे शोधून साहाय्य करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते हवेत, हा विचार पुढे आला. त्यातून १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली मुंबईत नागपाडा येथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. १९४४ मध्ये त्यास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले व १९५४ मध्ये ती देवनार येथील कायम वास्तूत आली. दुष्काळी पट्ट्यातील तुळजापूर येथेही संस्थेने पुढे ग्रामीण केंद्र काढले.

देवनारच्या परिसरात या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. खेड्यात आधार तुटलेली माणसे मुंबईत येऊन भीक मागू लागली, की १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक अधिनियमान्वये त्यांना पकडून देवनारलगतच्या चेंबूर येथील भिक्षेकरी गृहात ठेवण्यात येई. गावी जो दुष्काळग्रस्त म्हणून मदतीस पात्र होता, तोच शहरात अपराधी ठरे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या अधिनियमातील भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या.

१९७२ चा दुष्काळ व त्यानंतर : १९७०–७३ या काळातील सलग अवर्षणाने महाराष्ट्रातील ग्रामीण जीवन हादरले. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सु. ५ कोटी होती. म्हणजे दर दहा व्यक्तींमागे एक जण खडी फोडीत, पाझर तलाव खणीत किंवा रस्ते बांधीत होता. कामावरील लोकांना सुकडी हा पीठ व गोड पदार्थ यांपासून केलेला कोरडा पौष्टिक आहार वाटण्यात आला. रास्त भावाच्या दुकानांतून मिळणारा परदेशी तांबडा मिलो आणि ही सुकडी यांची आठवण त्या पिढीच्या बोलण्यात दीर्घकाळ राहिली. स्वयंसेवी संस्थांनीही अन्नवाटप केले.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रयोगरूपाने सुरू झालेली रोजगार हमी योजना या दुष्काळात राज्यव्यापी झाली. १९७७ मध्ये तिचा अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम व काम न मिळाल्यास बेकारभत्ता, या तरतुदींमुळे शासनाच्या मर्जीचे रूपांतर कायदेशीर हक्कात झाले. तथापि हा हक्क श्रम करू शकणाऱ्याचा होता. असमर्थांसाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू करण्यात आली. तीमुळे विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ इत्यादींना मासिक रोख साहाय्य मिळू लागले.

देशपातळीवर डिसेंबर २००० मध्ये सर्वांत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय अन्न योजना आली. सरकारी गोदामे भरलेली असताना उपासमार चालू असल्याची तक्रार करणाऱ्या २००१ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे अन्नविषयक योजनांचे लाभ हक्काच्या स्वरूपाचे ठरले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत व्यक्तींना अनुदानित धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात ही मर्यादा सु. ७ कोटी व्यक्ती एवढी ठरली. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले.

मूल्यमापन : दुष्काळाने सामूहिक मृत्यू घडण्याचा प्रकार महाराष्ट्रात थांबला, ही या दीर्घ वाटचालीची मोठी फलश्रुती होय. कुपोषण मात्र टिकून आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पार पाडलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५·२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६·१ टक्के कमी वजनाची आढळली. पोटभर धान्य व पुरेसे पोषण यांत अंतर असल्याचे यावरून स्पष्ट होते. तसेच शिधापत्रिका, दाखले व ओळखीचे पुरावे यांची पूर्तता सर्वांत कठीण जाते ती स्थलांतरित मजूर, भटकी कुटुंबे व एकाकी वृद्ध यांना. दुष्काळ संहितेच्या काळी गावच्या यादीत ज्यांचे नाव सुटे, त्यांचाच हा वर्ग होय. त्यांच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचेपर्यंत सदावर्त व अन्नछत्र यांची निकड संपलेली नाही.